साबणाचा फेस

मेढ्यापासून केळघरपर्यंत
एकशे चौदा गोबरगॅस
माझ्या बापानं जोडले.
पान्हा, सुतळी, पांढरी टेप
आणि सायकलच्या हँडलला अडकवलेल्या डब्यात
धुण्याच्या साबणाचा चुरा.

जोड आवळला की त्यावर फेस लावायचा
आणि उकिडवं बसून बघायचं.
बुडबुडा फुगला, म्हणजे गळती.
"काडी वढून बघू नगा कुणी,
काडीचं उत्तर एकदाच येतं."

लोक म्हणायचे, वास आला की कळंल की.
तो म्हणायचा, वास तिचा न्हाई,
तिच्या संगतीचा हाय.
सडक्या अंड्याचा तो दुसराच कुणीतरी.
तिला सोताला रंग न्हाई, वास न्हाई,
हवंच्या निम्म्या वजनाची,
सुटली की आढ्याला जाती, कौलातनं निघून जाती.
तुमी स्लॅब घातला. आता जाईल कुठं?

शंभरात पाचाच्या आत असली तर पेटत नाही.
पंधराच्या वर गेली तरी नाही.
मधल्या दहात घर जातं.
हे मी चौथीत पाढ्यासारखं पाठ केलं होतं.
'मिथेन' हे नाव पुढं शाळेतून घरी आणलं,
तर हसला. "मितीन? पाव्हणीच वाटती की."

गुडघे गेल्यावर त्यानं भिलारला
स्ट्रॉबेरीच्या मळ्यावर रात्रपाळी धरली.
डिसेंबर. पत्र्याची खोली.
जोडीला नितेश रांजणे, वय बावीस.
त्यानं हॉटेलच्या भट्टीतले निखारे
घमेल्यातून आणले. लालभडक, बिनधुराचे.
धूर नाही म्हणजे भ्या नाही, असं दोघांनाही वाटलं.

वारा चौकटीतून शिट्टी घालत होता.
बाप उठला, पोती फाडली,
फटी चाचपत एकेक बुजवत गेला.
जन्मभराची सवय.
एवढं नीट काम त्यानं कुठं केलं नसेल.

हा दुसरा आढ्याला जात नाही,
खाली बसत नाही,
हवेच्याच वजनाचा, हवेत हवेसारखा.
रक्तात शिरतो तो
एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून
जागा धरणाऱ्यासारखा.
एकदा बसला की उठत नाही,
आणि प्राणवायू थांब्यावर उभाच.

बापाचं डोकं ठणकलं. त्याला तंबाखूवर संशय.
नितेश एकदा ओकला, म्हणाला वडापाव बाधला.
मग म्हणाला, झोप आली आबा.

सकाळी ट्रॅक्टरवाल्यानं दार तोडलं.
नितेशची आई कुणाला हात लावू देईना.
"झोपलाय त्यो. गाल बघा की कसं लाल हायती."
आजारी पोराचे नसतात असे, खरंच.
डॉक्टर चेरीसारखे म्हणाले.
बाहेर बायका पेट्या भरत होत्या,
कुणी त्यांना थांबा म्हटलं नव्हतं अजून.

बाप दाराकडं उशाला होता.
उंबऱ्याशी चार बोटं पोतं कमी पडलं होतं,
त्या चार बोटांवर वाचला.
साताऱ्याला नळी लावली, घरी आला,
तीन आठवडे अगदी पहिल्यासारखा.
मग शब्द सुटायला लागले.
पान्ह्याला 'ते' म्हणतो. मला आत्याच्या नावानं हाक मारतो.
नितेशचं विचारत नाही. मीही काढत नाही.

डबा मात्र विसरला नाही.
रोज फेस करतो,
दाराच्या बिजागरीला लावतो,
फ्रिजला, भिंतीवरच्या स्विचला,
आणि उकिडवं बसून बघत राहतो.
मी खिडक्या लावत नाही. थंडी असली तरी.

काल त्यानं माझा हात ओढला,
मनगटावर बोटभर फेस ठेवला.
नाडीबरोबर तो हलत होता, बारीक,
एक बुडबुडा फुगत, बसत, फुगत.
बाप वाकला, डोळे बारीक केले.
"हितं," म्हणाला. "हितं गळतंय."