सदतिसावा

दारणाकाठच्या उसात पहिला कॅमेरा बांधला
तेव्हा त्याच्या पोटात छत्तीस फोटोंचा रोल होता
आणि साहेबांनी तो सही घेऊन दिला होता,
काडतुसं द्यावीत तसा.

छत्तीस.
त्यातले नऊ वस्तीवरच्या लंगड्या कुत्र्याचे,
सहा बगळ्यांचे,
एक माझा, वाकलेला, बुटाची नाडी बांधताना.
बाकी सगळं पाचट.
दुपारी ते तापून वाऱ्यानं हललं
की यंत्राला वाटायचं, कुणीतरी आलं.

दूधबाजारात अत्तारांची लॅब होती.
युसूफभाई पट्टी खिडकीकडे धरायचे.
निगेटिवमध्ये रात्र केशरी असते
हे मला तिथं कळलं.
त्या केशरी रात्रीत शेजारी शेजारी दोन काळे ठिपके दिसले
की म्हणायचे, "गांगुर्डे, आला तुमचा पाहुणा,"
आणि दोन कटिंग सांगायचे.

फ्लॅश पडायचा, म्हणून तो बघायचा.
प्रत्येक फोटोत सरळ माझ्याकडे,
कान मागे, पुढचा एक पाय अधांतरी,
आपल्याच घरात कुणी तोंडावर बॅटरी मारावी तसा.
मग महिना महिना त्या बांधाला फिरकायचा नाही.
आम्ही वहीत लिहायचो : वावर आढळला नाही.

आता सायली चौरे येते, नवी वनरक्षक.
स्कूटी उसाला टेकवते, कार्ड बदलते.
एका कार्डावर चार हजार तीनशे बारा.
ऊस हलतो. ऊस हलतो.
ऊस हलतो.
मधेच मादी, मागं दोन पिल्लं,
कुणाचंच आपल्याकडे लक्ष नाही.
एक तर कॅमेऱ्याचा पट्टा चावतंय.
"इन्फ्रारेड, सर. त्यांना कळतच नाही."
मला त्यावर काहीतरी बोलायचं असतं,
पण पिल्लू खरंच पट्टा चावत असतं,
डोळे मिटून.

जुने लोक भेटले की म्हणतात,
रोलची मजा गेली राव.
मी मान हलवतो.

मजा.
त्या साली मंगळवारी रात्री तो चौथ्या फोटोत होता.
कोपऱ्यात नारिंगी आकडे : दहा एकोणपन्नास.
मागं ऊसतोड्यांच्या कोप्या दिसतात,
दाराच्या जागी लुगडं.
रोल भरायला सोमवार उजाडला,
सोमवारी लॅबमध्ये लाइट नव्हती,
हातात आला बुधवारी.
मधल्या शुक्रवारी काय झालं
ते पंचनाम्यात आहे, माझ्याच अक्षरात.
युसूफभाईंनी पट्टी खिडकीकडे धरली, खाली ठेवली,
परत धरली.
त्या दिवशी चहा सांगितला नाही.

परवा पहाटे दोन तेराला उशाशी फोन वाजला.
सोनांब्यांच्या गोठ्यामागं ती उभी,
राखाडी, शांत, शेपटीचं टोक वळलेलं.
मी नंबर लावला. "भिकाबाई, पोरं आत घ्या. लाइट लावा."
दोन सतराला दुसरा फोटो :
उजेड, रिकामा बांध, पालथी बादली.
काही झालं नाही.
काही झालं नाही याचा पंचनामा करायला
कुठला छापील कागद नसतो.
मी उठून पाणी प्यालो.

तरी एक ठेवलाय.
रोल बेतानं घातला, की कधी कधी छत्तीसनंतरही
एक निघायचा, सदतिसावा, अर्धाच.
माझ्या सर्व्हिस बुकाच्या प्लास्टिकमध्ये आहे तो.
मागचा पाय, शेपटी,
मग जळकी नारिंगी कड,
मग कोरं.

सायलीनं तो उलटसुलट करून पाहिला.
"सर, पुढचा भाग कुठाय?"
"उसात," मी म्हटलं.
ती हसली नाही. नखानं कडेची धूळ काढली
आणि परत दिला, दोन्ही हातांनी.
मग स्कूटी सुरू होईना,
चेहेडीच्या चढापर्यंत
मीच ढकलत नेली.