विंगेतून

गायधनी नोटप्रेसमध्ये नंबर तपासायचे.
दोन नोटांचा नंबर एक नसतो, म्हणायचे,
माणसांचं सांगवत नाही.
संध्याकाळी नाशिकरोडच्या शाळेत
बाकं सरकवून तालीम.

त्यांच्या नाटकांत सख्खं कुणी टिकत नसे.
दुसऱ्या अंकात बाप निघून जाई
आणि घड्याळजी, नर्स,
चुकीच्या पत्त्यावर आलेला पोस्टमन
जेवायला थांबत.
एकात तर विधवा आणि नवऱ्याची ती दुसरी
एकाच वाटीतलं मीठ लावून कैरी खातात.
देवळालीला पहिल्या दोन रांगा उठून गेल्या होत्या.

मी प्रॉम्प्टर.
सव्वीस वर्षं विंगेत उकिडवा बसून
दुसऱ्यांच्या तोंडी आई, दादा, अगं घातलं.

रामकुंडावर अस्थींचं मडकं माझ्याच मांडीवर.
गुरुजींनी वही उघडली.
नाव. गोत्र. मग पेन थांबलं:
"तुम्ही त्यांचे कोण?"

पॉज लांबला.
त्यांनी लिहिला असता तर कंसात
(घाट. कबुतरं. कुणीतरी तांब्या आपटतं.)

मागून पिंगळेबाई, ती दुसरी करायच्या त्या,
काहीतरी पुटपुटल्या.
नीट ऐकू आलं नाही.
जे वाटलं तेच मी म्हणालो.
गुरुजींनी लिहून घेतलं.