हिरेबोरी फाट्यावरचा बोर्ड

जत सोडल्यावर विसाव्या किलोमीटरला
रस्ता दोन्ही बाजूंना सावली शोधतो
आणि नाही म्हणून तसाच पुढे जातो.
तिथं मी शिडी लावली.
निळा डबा, पांढरा डबा, चिंधी,
आणि ग्रामसेवकानं दिलेला कागद:
प्रेक्षणीय स्थळे, एकूण तीन. बाण नीट काढावेत.

पहिलं, वीरगळ.
खालच्या चौकटीत गाई आणि मारामारी,
वरच्या चौकटीत मेलेला माणूस पिंडीसमोर बसलेला.
त्याचं तोंड पार झिजलंय.
गाईंच्या पाठी मात्र तुकतुकीत,
येता-जाता प्रत्येकजण हात फिरवतो.
एक किलोमीटर. बाण डावा.

दुसरं, दुष्काळी तलाव.
भिंत बघण्यासारखी, दगडाला दगड चिकटलेला,
पोटाला शेरभर जोंधळा मिळायचा म्हणून इतका घट्ट.
फोन करून विचारलं, पाणी नाही असं लिहू का?
म्हणाला, इलाहीभाई, नुसतं तलाव लिहा,
माणसं आल्यावर बघून घेतील.
अडीच किलोमीटर. बाण उजवा.

तिसरं लिहित होतो, मूळ पुरुषाची विहीर,
तेवढ्यात चन्नव्वा आली, चार शेळ्या आणि एक काठी.
प्रौढ शाळेत शिकलेली अक्षरं
तिनं माझ्या ब्रशामागून एकेक करून उचलली.
"मू-ळ पु-रु-ष. एकटाच आल्ता व्हय?"
कागदात तसंच आहे म्हटलं.
"मग बुट्टीनं माती कुणी वर काढली?
कागदानं?"

शिडीवरून उतरलो. पांढरा रंग वाळत होता.
ती सांगत होती आणि मधेच कानडीत शेळ्यांना दटावत होती.
तिकडून आले ते. एक बैल, जात्याची एक तळी,
दुसरी तळी वाटेत टाकून दिलेली, ओझं झालं म्हणून.
आठ ठिकाणी खणलं.
सात कोरडी.
सहाव्यात दरड बसली, धाकटा दीर आत राहिला.
नागव्वानं बुट्टी धुतली नाही, झटकली फक्त,
धुवायला होतं काय,
आणि सातव्या जागेवर जाऊन उभी राहिली.
आठव्यात लागलं. मचूळ. ओंजळभर.
"शेळीनं तोंड लावलं, मग ह्यांनी लावलं,
मग म्हणाले, ऱ्हाऊ."

आठवी तर सगळे बघतात.
वाकून खडा टाकतात, डुबुक वाजतं, फोटो काढतात.
आणि सात?
एकात लिंब उगवलाय, एकावर टॉवर,
एक शाळेच्या मुतारीखाली,
दोन कुठं होते त्यावरून अजून भांडणं,
एकात चन्नव्वा कडबा ठेवते.
सहाव्यात कुणी काही टाकत नाही.
श्रावणातल्या अवसेला घराघरातून एकेक तांब्या जातो
आणि कोरड्या खड्ड्यात ओततात.
"टँकरचं असलं तरी.
वर्षातनं तेवढं एकदाच
पाणी वाया घालवायची मुभा."

बोर्डाखाली वीतभर जागा उरली होती.
अंतर माहीत नव्हतं. ती चालत गेली, मोजत परत आली,
येताना मोजलेलं जाताना मोजल्यापेक्षा अकरानं जास्त.
मी जाताचं धरलं.
सहावी विहीर, पाणी नाही, पावलं सहाशे चाळीस.
नागव्वाचं नाव मावलं नाही. मावलं असतं,
अक्षर बारीक करायला हवं होतं.
ते मला अजून लागतं.

बिलातून ऐंशी रुपये कापले.
जादा बाण, मंजुरी नाही.

पुढं माघात उमदीला दुकानाची पाटी करायला जाताना
एसटीच्या खिडकीतून दिसलं:
रस्त्याकडेला सांगलीची गाडी, दार उघडं,
आणि लांब माळावर टोपीवाला एक माणूस
खड्ड्याच्या काठावर वाकलेला.
खडा टाकून झाला असावा.
हात तसाच पुढे,
मान कलती करून
तो आवाजाची वाट बघत होता.