नऊ नंबर

मर्डो गेडीस मिटलेली छत्री उंच धरतो
आणि आम्ही चौदा जण तिच्यामागे,
लीथच्या ओल्या फरसबंदीवरून.
ओव्हरकोट भाड्याचा. टोपी त्याची स्वतःची,
पोस्टमन होता तेव्हाची.

“प्रेत इथं, या दिव्याखाली.
पान एकशे बारा.”
कुणीतरी वाकून दगड बघतं;
एक बाई तर हातमोजा काढून चाचपते.
खुनी कोण ते तो सांगत नाही,
सांगितलं तर पुढच्या वळणापर्यंत कोण येईल?

समोर नऊ नंबरचं हिरवं दार.
तिथं मर्डो थांबत नाही.
आवाज तेवढा खाली येतो,
जिन्यात कुणाचं बाळ निजलंय जणू.

फेरी संपली. बिअरचा दुसरा ग्लास.
“वरच्या मजल्यावर पॅटुलो म्हणून होते.
एकटेच.
माझ्या नोकरीचा शेवटचा हिवाळा.
दाराच्या फटीतून पत्रं आत जाईनात.
मला वाटलं, झडप गंजली.
अकरा दिवस
मी जोर लावून ढकलत होतो.”

मग त्यानं टोपीतली चिल्लर मोजली.
उद्या एकोणीस जण आहेत म्हणाला,
पाऊस नसला तर.