सातवा पाय

बू राशिदने बोर्ड आणला उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
"संगीत येतं," म्हणाला, "पण गोळी वाजत नाही.
स्फोट नाही, हेलिकॉप्टर नाही,
नाणं टाकलं तरी गप्प."
त्याची हिंदी मनामाच्या बाजारात शिकलेली,
माझी अरबीही तिथलीच.
मधे टेबलावर हातभर लांब हिरवी पाटी,
मी देवरुखला आयटीआयत शिरलो
त्या सालची.

पंखा बंद केला. वाऱ्याने डाख लवकर थिजतो.
आवाजाच्या खुंटीला आधी नुसतं बोट लावलं:
घुंऽऽ.
म्हणजे घसा शाबूत.
संगीत चालू, म्हणजे डोकंही ठिकाणावर.
मग वाचा बसली ती नेमकी कुठे?

तीन कपॅसिटर फुगलेले होते, बदलले.
काही नाही.
रॉम उपसली, तिचे पाय खोडरबराने घासले, परत बसवली.
काही नाही.
"मेला?" बू राशिद दारातून विचारतो.
"थांब," मी म्हणतो.
बावीस वर्षांत या गावात
हाच शब्द मी सगळ्यात जास्त वापरला असेल.
घरी फोनवरसुद्धा.

तिसऱ्या दिवशी स्कोप लावला.
बटण दाबलं, आणि पडद्यावर
हिरवी रेघ दचकून उभी राहिली, खाली बसली.
पुन्हा दाबलं. पुन्हा दचकली.
गोळी दिसत होती.
चौदा पायांच्या त्या चिपच्या सातव्या पायाशी
ती धडधडीत सुटत होती,
आणि दाण्याएवढ्या अंतरावर, पुढच्या रेझिस्टरपाशी,
रेघ सपाट.
भिंग धरलं.
पाय गंजला नव्हता, तुटला नव्हता.
कापला होता.
बारीक पक्कडीने, केसभर फट ठेवून,
शेजारच्या पायाला ओरखडाही न काढता.
ज्याने कापला त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला.

मग आठवली बोर्डाच्या पाठीवरची पिवळी पट्टी.
वर बॉलपेनने गोल गोल अक्षरं.
मालाचा नंबर असेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.
बोर्ड उचलून कोयाच्या टपरीवर नेला.
हे लोक करक म्हणतात तो आपला कडकच,
तो त्याने अर्धा ओतला होता.
मनातल्या मनात वाचलं, किटली खाली ठेवली,
मग मला सांगितलं:
"गोळ्यांचा आवाज कापला आहे.
मागच्या खोलीत रात्रपाळीची पोरं दिवसा झोपतात.
हॉल बंद झाला की परत जोडावा."
नाव नाही. फक्त तारीख, रमजानच्या आसपासची.

हॉल बंद होऊन वीस वर्षं झाली.
तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात.

बू राशिदला सांगितलं तेव्हा तो स्टुलावर बसला.
"आम्ही लाथा मारायचो त्या मशीनला," म्हणाला.
"एका सकाळी गोळी वाजेना,
आम्हाला वाटलं, पैसे खाते."
थोड्या वेळाने:
"प्लायवूडची भिंत होती."
मी काही बोललो नाही.
लोखंड तापलं होतं.
एक थेंब. फट मिटली. थेंबाचा रंग
ओल्या चांदीचा, मग नुसत्या चांदीचा.

दुपारचा एक वाजला होता.
गल्लीतली शटरं खाली,
माझ्या माळ्यावर नव्याने आलेला तेलुगू पोरगा,
बंदरातून पहाटे परतलेला,
तोंडावर टॉवेल टाकून.
बू राशिदचा हात बटणावर गेला.
"थांब," मी म्हणालो,
आणि या वेळी त्याने का विचारलं नाही.
चार वाजेपर्यंत आम्ही दोघं
आवाज बंद ठेवून तो खेळ खेळलो.
तो वाईट खेळतो. मी त्याहून वाईट.

बिलात लिहिलं: कपॅसिटर तीन, डाख एक.
पिवळी पट्टी सुटत आली होती,
ती परत चिकटवून दिली.
तिचे पैसे लावले नाहीत.