चढाई

स्टिकर छापले, टी-शर्ट छापले,
विट्यात समाजमंदिरात दर रविवारी तास –
कैकाडी शिका, वडापाव मोफत.
पोरं आली. वडापाव संपला.
‘सर, ही बोलून नोकरी लागती काय?’
मी फळा पुसला.

काल तासगावात उपांत्य सामना,
शेवटची चढाई, मैदानात आमचे दोघंच –
तानाप्पा कोपऱ्यातून ओरडला
आईच्या भाषेत: पाय धर, पाय!
समोरचा बावचळला,
तेवढ्यात घोट्याला पकड.

आज सातजण, तासाच्या आधी.
‘सर, डाव्या कोपऱ्याला काय म्हणायचं?’
मला येत नव्हतं.
बुट्ट्या विणणाऱ्या चंद्राक्काला विचारलं.
तिलाही नव्हतं येत. हसली,
मग फोक वाकवता वाकवता
एक शब्द करून दिला.