झाकणं

घाटंजीच्या बसस्टँडमागे आमचं फ्लेक्सचं दुकान.
तेरा एप्रिल, पारा त्रेचाळीस, कूलर कोरडा,
आणि बारा फुटी बॅनर
साठ टक्क्यांवर अडकलेला.

दुखणं मला ठाऊक होतं, प्रोग्राम माझाच.
पडद्यावरचा निळा शाईत उतरवायचा
तर दर ठिपक्यामागे नवं गणित:
सायन किती, मजेंटा किती, पिवळा, काळा.
मग पुढचा ठिपका. तोही तसाच निळा.
पुन्हा पहिल्यापासून. चार कोटी वेळा,
जसं एखादं पोट्टं किराण्याच्या वाटेवर
दर पावलाला मागं वळून विचारते,
"काय आणू म्हणलं वं माय?"

बाहेर बाकावर उईके पेंटर.
फ्लेक्स येण्याआधी गावच्या भिंती त्यांच्या होत्या,
शाळेचे सुविचार, खताच्या जाहिराती, ट्रॉल्यांची मागची फळी.
आता चहाला येतात.
"काहून एवढा टाइम लावून राह्यलं तुयं मशीन?"
सांगितलं, तर हसले.
"आपन तं डब्याच्या झाकनावर लिहून ठेवो.
दोन वाट्या पांढरा, वाटीभर निया, नखभर काया.
एक डाव घोटला का झालं.
दुसऱ्या डावी झाकन पाह्यचं,
इचारायचं नाही."

रात्री मी ती झाकणं लिहिली. अकरा ओळी.
रंग आला की आधी तक्ता बघ,
असला तर उचल,
नसला तर मांड गणित आणि नोंदव.
बॅनर शंभरावर गेला
तेव्हा कपातला चहा पोळत होता अजून.

पहाटे सातवा बॅनर वांग्यासारखा उतरला.
मंडळाचा संघदीप दारात उभा,
"ताई, हा आपला निळा नोहे."

शाई संपली होती, बाटली दुसऱ्या कंपनीची.
प्रोग्रामात नवी शाई मी निवडलीही होती,
पण गणितापर्यंत कोणी जातच नव्हतं.
तक्ता जुनी उत्तरं देत होता,
झटक्यात, ठाम, चुकीची.

"कंपनी बदलली का मी सारी झाकनं
घासलेटानं पुसो," उईके म्हणाले.
बारावी ओळ: शाई बदलली की विसर.

वांगी बॅनर ते घेऊन गेले, गोठ्यावर टाकायला.
मेमध्ये बांधायला दोरी द्यायला गेले मी.
भिंतीवर खिळ्यांची रांग, पुसलेली झाकणं,
आणि एक न पुसलेलं,
"यमूची खोली, ८९".
ती कंपनी कधीच बंद पडली आहे.

मी पाहिलं.
विचारलं नाही.